मागच्या बाजूला लिहिलेलं

आंबोलीत जूनमध्ये आलेला पाऊस सप्टेंबर सरेपर्यंत घरातच मुक्कामाला असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरचं हे गाव सह्याद्रीच्या कड्यावर वसलं आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे अडतात आणि वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या वर पाणी ओततात. या दिवसांत कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. कपाटातल्या अल्बमचंही तेच होतं. फोटो दिसायला कागदाचा असला तरी त्याचा वरचा थर जिलेटिनचा असतो. जिलेटिन हवेतली ओल पितं, फुगतं, समोरच्या काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटून बसतं. बुरशीला तर ते अन्नच. भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीत काचेच्या आतून जे करडे डाग पसरलेले दिसतात ते तिचेच. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी वाढू लागते. आंबोलीत पावसाळ्यात ती शंभराच्या आसपास असते.

घरच्या आठवणींची चिकटवही कशी करावी हे सांगणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना मी बुरशीपासून सुरू करते आहे, कारण इथे हा विषय नुसत्या हौसेचा राहत नाही. रंगीत कागद, रिबिनी, स्टिकर, नक्षीच्या कात्र्या यांनी सजवलेली वही सुंदर दिसते आणि ती करण्यातला आनंद खरा आहे. पण आमच्याकडे वही करायला बसणारा माणूस आधी काहीतरी वाचवायला बसलेला असतो. आणि काय वाचवायचं याबद्दल माझं एक ठाम मत या पुस्तकाची पानं वाचताना अधिकच पक्कं झालं. फोटो टिकवणं हे निम्मं काम आहे. त्यात कोण आहे, कुठे आहे, कधीचं आहे आणि हे कोणी सांगितलं, हे लिहून ठेवणं हे उरलेलं निम्मं. पहिल्या निम्म्याला आज यंत्रं मदत करतात. दुसऱ्या निम्म्याला फक्त माणसं मदत करू शकतात, आणि ती माणसं वयाने थकली आहेत.

आंबोली ज्या अभ्यासकांना ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. ज्याच्या शास्त्रीय नावातच वाघ आहे त्या ‘आंबोली टोड’चं, म्हणजे झँथोफ्रायनी टायग्रिनाचं, वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिलेला छोटा मासा २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने विज्ञानाला नव्याने कळला, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. अशा प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी असते. कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केला. ती चिठ्ठी हरवली तर बाटलीतला मासा तसाच राहतो, पण त्याच्यावरून काही सांगता येत नाही. आपल्या घरांतले बहुतेक फोटो आज त्या चिठ्ठीविना पडून आहेत.

आपल्या भागात हे फोटो बहुतेक वेळा मुंबईहून आलेले असतात. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांचा निम्मा संसार लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी इथल्या चाळींत गेला. एका खोलीत गावची दहा-बारा माणसं राहत, पाळ्यांनी झोपत, खानावळीत जेवत, आणि सणासुदीला स्टुडिओत जाऊन एक फोटो काढून गावी पाठवत. मागे रंगवलेला पडदा, कधी त्यात ताजमहाल, पुढे लाकडी खुर्ची, खुर्चीत सर्वांत थोरला, बाकीचे मागे ताठ उभे. असा फोटो या पंचक्रोशीत जवळपास प्रत्येक जुन्या घरात आहे. त्यातला एक आपला आजोबा, एवढं नातवंडांना माहीत असतं. बाकीचे कोण? म्हातारी काठावर बोट ठेवून सांगते, “ह्यो माज्या आवशीचो मामा. हो चौकूळचो. आणि हो… हो गिरणीत होतो खरो, पण नाव काय ता आता येणा नाय.” हे तिसरं नाव सांगणारं त्या घरात आता कोणी उरलेलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाविषयी पुस्तकं आहेत, अहवाल आहेत, चित्रपटही निघाले. पण संपानंतर पेटी उचलून गावी परतलेल्या त्या तिसऱ्या माणसाचा चेहरा फक्त या फोटोत आहे, आणि त्याचं नाव कुठेच नाही.

फोटोपेक्षाही मला मनीऑर्डरच्या कुपनांची किंमत जास्त वाटते. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असे. पैसे घेणाऱ्याने ती फाडून ठेवायची. तिच्यावर दोन-तीन ओळींची जागा, आणि त्या जागेत मुंबईतल्या माणसाने सगळा संसार बसवलेला. भाताला किती द्यायचे, गुरवाचे किती, धाकट्याची फी भरली का, मी बरा आहे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं, म्हणून एकाच अक्षरातली कुपनं चार घरांत सापडतात. टपाल खात्याने ती जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली. तार त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै २०१३ मध्ये संपली होती. आता पैसे क्षणात पोचतात आणि बरोबर ओळ येत नाही. घरात अशी कुपनं असतील तर ती चिकटवहीच्या पहिल्या पानांवर यावीत, फोटोंच्याही आधी, असं मी सुचवीन.

आठवणी जपण्याचं काम मराठीत नवं नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले ते लोकांच्या माळ्यांवर आणि पेट्यांत पडलेले कागद शोधत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. ज्यांनी कागद रुमालात नीट बांधून ठेवले, त्यांची घराणी इतिहासात बोलती झाली. जिथे कागद वाळवीने खाल्ले, तिथे गप्प झाली. त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूने आपल्या हाताने नाव, गाव, वडील-आजोबांची नावं लिहायची, ही पद्धत आजही चालू आहे. आपल्या पणजोबांची सही पहिल्यांदा तिथे पाहिलेली माणसं मला भेटली आहेत. ती सही दाखवताना त्यांचा आवाज बदलतो.

पण या परंपरेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. आपल्याकडची उत्तम आठवणींची पुस्तकं कोणीतरी विचारलं म्हणून लिहिली गेली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते. झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, कावड घेऊन घरी परतले. ही हकीकत त्यांनी लिहिली ती पंचवीस-एक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापली १९०७ मध्ये, तीही बरीच हात फिरवून. मूळ लेखनाप्रमाणे असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी आणली १९६६ मध्ये. म्हणजे पाहिल्यापासून जसंच्या तसं वाचायला मिळेपर्यंत शंभराच्या वर वर्षं गेली. मधे ते हस्तलिखित टिकलं नसतं, तर एका भिक्षुकाच्या डोळ्यांनी पाहिलेली झाशी आपल्याला मिळाली नसती. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. पहिला भाग १९३४ चा. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता, तो देवदत्तांनी पूर्ण केला. शाळेत न गेलेल्या एका बाईने मराठी गद्याला जे दिलं, त्याच्या मुळाशी मुलाचा एक प्रश्न आहे. या पुस्तकातलं प्रश्न विचारण्याबद्दलचं प्रकरण म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कागद, डिंक, कात्री यांची प्रकरणं नंतर वाचली तरी चालतील.

आता फोनबद्दल. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि पावसात त्याला बुरशी लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात घरंच्या घरं पाण्याखाली गेली, तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तकं भिजली. अशा वेळी ज्या कुटुंबांनी जुन्या फोटोंच्या प्रती दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे पाठवलेल्या होत्या, त्यांच्याकडे निदान प्रत राहते. डिजिटल प्रत हे फार मोठं दान आहे आणि ज्यांच्या घरात ओल आहे त्यांनी ते दोन्ही हातांनी घ्यावं.

तरी ते दान आपोआप टिकत नाही. आज चाळिशीत असलेल्या वाचकांना ऑर्कुट आठवत असेल. जानेवारी २००४ मध्ये ते सुरू झालं आणि आपल्याकडे घराघरांत पोचलं. प्रत्येकाच्या पानावर एक स्क्रॅपबुक होतं, मित्रमैत्रिणी त्यात रोज काहीबाही लिहून जात. पहिल्या नोकरीच्या शुभेच्छा, कॉलेजातली भांडणं, लग्न ठरल्याची बातमी, सगळं तिथे. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. आपलं साहित्य उतरवून घ्यायला नंतर दोनेक वर्षं मुदत होती. बहुतेकांनी ते केलं नाही, कारण आपलं काहीतरी तिथे आहे हे तोवर विसरायला झालं होतं. एका पिढीची स्क्रॅपबुकं अशी एकदम गेली. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणलं. घरातलं माणूस जातं, त्याच्या फोनचा पासवर्ड कोणाला माहीत नसतो, आणि दोन वर्षं कशी जातात हे दुःखातल्या घराला कळत नाही. आपल्यामागे खातं कोणी उघडायचं हे त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये नेमून ठेवता येतं. आईवडिलांच्या फोनवर हे आजच करून द्यावं.

व्हॉट्सॲपची अडचण आणखी निराळी. त्यावरून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान केलं जातं आणि कॅमेऱ्याने आत नोंदवलेली तारीख-वेळ त्यातून निघून जाते. म्हणजे आपल्या कौटुंबिक ग्रुपवरचे फोटोही त्या चाळीतल्या फोटोसारखेच, चिठ्ठीविना. जपायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो मुळातल्यासारखा पोचतो. इंटरनेटची मूळ रचना करणाऱ्यांपैकी एक, व्हिंट सर्फ यांनी २०१५ मध्ये, आपल्या काळाची माहिती पुढच्या पिढ्यांना उघडताच येणार नाही अशी भीती बोलून दाखवली होती आणि सांगितलं होतं की जिवाभावाचे फोटो छापून ठेवा. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी आणि नंतरच्या सीडी ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना ही भीती समजावून द्यावी लागणार नाही.

म्हणून कागद की फोन असा वाद मला निरर्थक वाटतो. कागदाला प्रत हवी आणि फोनला निवड हवी. फोनमध्ये हजारो चित्रं असतात. त्यांतली चाळीस निवडायला बसलं की आपण पहिल्यांदा नीट पाहतो. निवडीचं हे काम चिकटवही आपल्याकडून करून घेते, कारण तिची पानं मोजकी असतात. शाळेत आपण सर्वांनी चिकटवही केलेली असते, तिथे कळत-नकळत हेच शिकलेलो असतो. अमेरिकेत मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं, इतका हा छंद लोकांच्या अंगवळणी पडलेला होता.

डिंकावरून आठवलं म्हणून इथेच सांगते. कणकेची खळ वापरू नका, झुरळं आणि कसर तिच्यावरच येतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले चिकट पानांचे आणि वर पारदर्शक फिल्म असलेले अल्बम घरात असतील तर त्यांच्यातून फोटो सोडवून घ्या. तो गोंद पिवळा पडतो आणि वर्षागणिक घट्ट धरतो. दातांत फिरवायचा बिनमेणाचा धागा फोटोखालून हळूहळू ओढला तर पुष्कळदा फोटो सुटतो. सुटला नाही तर हट्ट करू नये, पानासकट त्याचं छायाचित्र घ्यावं. आणि कृपा करून जुना फोटो, पत्रिका, सातबाऱ्याचा जुना उतारा लॅमिनेट करू नका. बाजारात गल्लोगल्ली हे करून देतात आणि लोक चांगल्या हेतूने करतात. पण त्या उष्णतेने आणि गोंदाने झालेलं परत फिरवता येत नाही, आत राहिलेली ओल तर आतच राहते. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा कागद पिवळा पडून तुटतोच, त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती चिकटवावी. एसटीची मशीनमधून निघणारी तिकिटं थर्मल कागदाची असतात, काही महिन्यांत कोरी होतात. पंच केलेली जुनी रंगीत तिकिटं मात्र तशीच आहेत. आंबोलीसारख्या गावात अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा, वेखंडाचा तुकडा टाकावा, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की सावलीत उघडून वारं द्यावं. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहावं. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

एका गोष्टीला या पुस्तकात आहे त्याहून जास्त जागा मिळायला हवी होती, म्हणून मी ती इथे मांडते. आपल्याकडचे कुलवृत्तांत पुरुषांच्या नावांनी भरलेले आहेत. बायकांची नावं असली तर सासरची. माहेरचं नाव, माहेरचं गाव, लग्नाआधी तिला घरात काय म्हणत, यातलं काही नाही. एका जुन्या घरात दारातल्या तुळशीपाशी काढलेला पाच बायकांचा फोटो मी पाहिला, त्यातल्या प्रत्येकीला काकी, मोठी काकी, वयनी असं नातं होतं आणि एकीचंही जन्मनाव कोणाला सांगता येत नव्हतं. चिकटवहीने हे भरून काढावं. प्रत्येक स्त्रीच्या फोटोखाली तिची दोन्ही नावं आणि दोन्ही गावं यावीत. तिच्या हातचं काही असेल, हिशेबाची वही, भरतकामाचा तुकडा, लोणच्याचं प्रमाण लिहिलेला कागद, तर तेही यावं.

आणि ज्यांच्या घरात फोटोच नाहीत त्यांचं काय? घाटाच्या या बाजूला धनगरवाड्या आहेत, रानात विखुरलेली घरं आहेत, जिथे कॅमेरा फोनबरोबरच पहिल्यांदा आला. त्यांच्यासाठी चिकटवही आवाजापासून सुरू होऊ शकते. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात ऐकता-वाचता येतात. त्या कामाचा मोठेपणा नुसत्या आकड्यात नाही. ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. लोकगीत म्हणून निनावी होऊ शकणारी ओळ तिथे एका माणसाची राहिली. मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ही जुन्या कौटुंबिक फोटोबरोबर त्याची हकीकत घरच्यांकडूनच मागून घेतो. आपल्या घरापुरतं हेच करायला वही आणि फोन एवढं पुरतं. आजीचा आवाज फोनवर नोंदवावा, त्यातल्या चार ओळी हाताने वहीत लिहाव्यात, तिच्याच बोलीत, शुद्ध न करता. मालवणीचं पुस्तकी मराठी करून लिहिलं की ती आजी राहत नाही.

सगळंच लिहू नये, हेही खरं. घरात जमिनीचे वाद असतात, तुटलेली लग्नं असतात, कोणी घर सोडून गेलेलं असतं. वही चार जणांच्या हातात जाणार आहे. ज्याची गोष्ट आहे तो जिवंत असेल तर त्याला विचारावं. नाही म्हणाला तर तो कागद पाकिटात घालून, तारीख लिहून, वेगळा ठेवावा. फाडून मात्र टाकू नये. आणि वहीचं पान इंटरनेटवर टाकण्याआधी लहान मुलांच्या बाबतीत दोनदा विचार करावा.

सुरुवात कधी करावी असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. चवथीला. तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात, घर भरलेलं असतं, आरत्या-भजनं झाल्यावर मंडळी माजघरात बसलेली असतात आणि बाहेर पाऊस असल्याने कोणी कुठे जात नाही. पेटीतला फक्त एक फोटो बाहेर काढावा, तो चाळीतला घोळक्याचा. तो सर्वांत वयस्क माणसाच्या हातात द्यावा, शेजारी फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवावा आणि डावीकडून सुरू करावं. दोघांचं एकमेकांत पटलं नाही तर दोन्ही नावं लिहावीत आणि कोणी काय सांगितलं तेही लिहावं. ज्याचं नाव कोणालाच आठवत नाही त्याच्या डोक्यावर रिकामी रेघ ठेवून तो फोटो शेजारच्या वाडीतल्या घरी न्यावा. तिथेही तोच फोटो असतो, आणि पुष्कळदा ते नाव तिथे मिळतं.